सात म्हणजे चांगला की वाईट? (गेमची परीक्षणं आणि गुण)

अर्धविराम

नमस्कार मंडळी. चार वर्षांपासून गेमची परीक्षणं लिहितोय. शेवटी दहापैकी गुण देतो. आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात मात्र एका प्रसंगामुळे हात अडकलाय, म्हणून हा धागा.

तीन जणांनी मिळून बनवलेला एक छोटा कोड्यांचा गेम खेळलो. पाच तासांत संपला, लगेच पुन्हा खेळलो. परीक्षणात भरभरून लिहिलं आणि खाली ७ टाकले. पहिलाच प्रतिसाद आला, "म्हणजे नको घ्यायला तर." दोन दिवसांनी त्या तिघांपैकी एकाचा निरोप आला. अतिशय सौम्य भाषेत. "तुमचं परीक्षण वाचून आम्हाला फार आनंद झाला. एकच विचारायचं होतं, मग सात का?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही दिलेलं नाही. त्यानंतरची तीन परीक्षणं लिहून तयार आहेत, पण आकड्याची जागा रिकामी आहे.

तुम्ही परीक्षण वाचताना आधी काय पाहता? तुमच्या लेखी सात म्हणजे काय? आणि गुण देणं बंदच करावं का?

रात्रपाळी

रुमाल टाकून ठेवतो. सात म्हणजे सेल लागल्यावर घेऊ.

जुनीकॅसेट

छान धागा. सात हा आकडा बिचारा पूर्वी इतका बदनाम नव्हता.

ऐंशीच्या दशकातल्या मासिकांत टक्के देत. चित्रं, आवाज, खेळण्यातली मजा, किती दिवस टिकेल, सगळ्याचे वेगवेगळे टक्के आणि मग एकूण. पुढे 'अमिगा पॉवर' नावाचं ब्रिटिश मासिक आलं (१९९१ ते १९९६). त्यांचं म्हणणं सरळ होतं: मोजपट्टी शंभराची आहे ना, मग ती पूर्ण वापरा. सर्वसाधारण गेमला पन्नास. कंपन्या चिडायच्या, कारण बाकी मासिकं त्याच गेमला सत्तर-पंचाहत्तर देऊन मोकळी व्हायची. म्हणजे सत्तरच्या खाली कुणी उतरायचंच नाही, ही खोड तेव्हाही होती.

माझी आवडती पद्धत जपानच्या 'फामित्सु' मासिकाची. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, मिळून चाळीस. पहिले पूर्ण चाळीस १९९८ मध्ये झेल्डा मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम'ला मिळाले. पण बेरीज सोडा, मला ते चार आकडे शेजारी शेजारी दिसतात ते आवडतं. ९, ९, ६, ८ असं दिसलं की आपली नजर त्या सहावर जाते. या माणसाला काय खटकलं असेल? मग त्याच्या दोन ओळी वाचायच्या. काही महिन्यांत कळतं की याची आणि आपली आवड जुळते, त्या दुसऱ्याची नाही. आकडा माणसाला चिकटलेला असतो, तोवर उपयोगी असतो.

आकडेमोड

जुनीकॅसेट काका, शेवटचं वाक्य अगदी पटलं. आता आकडा माणसापासून सुटतो कसा, ते सांगतो.

मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ २००१ पासून आहे. निरनिराळ्या ठिकाणचे गुण शंभराच्या पट्टीवर आणायचे आणि सरासरी काढायची. सरासरीही साधी नाही, काही प्रकाशनांना जास्त वजन, आणि कुणाला किती ते जाहीर नाही. (ओपनक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ साधी सरासरी घेतं.) आता गंमत पाहा. एखादा परीक्षक पाचपैकी तीन तारे देतो, त्याच्या मनात "चांगला आहे, थोडे दोष आहेत". शंभरच्या पट्टीवर त्याचे होतात ६०. दुसरा दहापैकी सात देतो, मनात तेच, त्याचे ७०. दोघांचं मत एक, अंतर दहा गुणांचं.

त्यात रंग. मेटाक्रिटिकवर गेमला ७५ पासून वर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. पण तेच संकेतस्थळ चित्रपटाला ६१ लाच हिरवा देतं! म्हणजे सत्तर गुणांचा चित्रपट हिरवा आणि सत्तर गुणांचा गेम पिवळा. अर्धविराम, तुमचा सात पिवळ्या डब्यात जातो. "नको घ्यायला तर" म्हणणाऱ्या वाचकाला दोष देऊ नका, त्याला हेच शिकवलं गेलंय.

सावकाश खेळू

मी आधी आकडा पाहते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आठवड्यात दोन-अडीच तास मिळतात खेळायला. एक गेम निवडला की तो दोन महिने चालतो. चुकीचा निवडला तर दोन महिने गेले. दहा परीक्षणं सबंध वाचायला बसले तर खेळायचं कधी? आकडा पाहून मी दहाचे तीन करते आणि मग त्या तिघांची परीक्षणं शांतपणे शेवटपर्यंत वाचते. आकडा काढून टाकलात तर मी नीट वाचेन असं नाही, मी यादीतच अडकेन. कृपया बंद करू नका.

बोरूबहाद्दर

मी उलट बाजूचा. आकडा नकोच.

युरोगेमर या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दहापैकी गुण बंद केले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. शिफारस, अत्यावश्यक, टाळा, एवढेच शिक्के ठेवले, आणि कित्येक परीक्षणांना तेही नाहीत. ती परीक्षणं मी अजून शोधून वाचतो. कारण लिहिणाऱ्याला आकड्याचं समर्थन करावं लागत नाही. आकडा आला की लेख वकिलासारखा बोलायला लागतो: दोन गुण का कापले, अर्धा का दिला. आकडा नसला की तो खेळाबद्दल बोलतो.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की २०२३ मध्ये त्यांनी पाच तारे परत आणले. वाईट वाटलं. सावकाश खेळू म्हणतात तसे वाचक बहुसंख्य असणार, हे मान्य. पण माझं मत बदललं नाही.

कीडवेचक

मी गेम बनवणाऱ्या बाजूने बोलतो. बरीच वर्षं टेस्टिंग केलंय.

तुम्हा परीक्षकांना वाटतं की आकडा वाचकासाठी आहे. आमच्याकडे तो भिंतीवर लागतो. मी जिथे होतो तिथे टीमचा बोनस सरासरी गुणांशी बांधलेला होता. परीक्षणं यायच्या दिवशी कुणी काम करत नसे, सगळे पान रिफ्रेश करत बसायचे. आम्हाला तो बोनस मिळाला नाही. त्या आठवड्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने, जिने आठ महिने फक्त पाणी आणि पाऊस यांवर काम केलं होतं, एकच प्रश्न विचारला: "पावसाबद्दल कुणी काही लिहिलंय का?" लिहिलं होतं, एकाने, दोन ओळी. ती प्रिंट काढून तिने टेबलावर लावली. त्या परीक्षकाने किती गुण दिले होते ते तिने पाहिलंही नाही.

बाकी सार्वजनिक उदाहरण हवं असेल तर 'फॉलआउट: न्यू व्हेगस', २०१०. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनससाठी मेटाक्रिटिकवर ८५ हवे होते, आले ८४. हे २०१२ मध्ये त्यांच्याच एका डिझायनरने सांगितलं. आज तो गेम लोक डोक्यावर घेतात.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. तुम्ही गुण नक्की कशाला देता? त्या दिवशीच्या बिल्डला, म्हणजे तेव्हाच्या आवृत्तीला. आठवड्याने पॅच (दुरुस्ती) येतो, तो गेम वेगळा असतो. 'सिमसिटी' २०१३ मध्ये आला तेव्हा सतत इंटरनेट लागायचं आणि सर्व्हर कोसळले. पॉलिगॉन या संकेतस्थळाने बाजारात येण्याआधी खेळून ९.५ दिले होते. मग केले ८. मग ४. मग सर्व्हर सुधारल्यावर ६.५.

रात्रपाळी

साडेनऊ ते चार. शाळेची वेळ झाली ही.

सावकाश खेळू

आणि साडेसहाला दिवेलागण!

कीडवेचक

:) हसू आलं, पण मला त्यांचं कौतुक वाटतं. प्रत्येक बदलाची तारीख आणि कारण वर लिहिलं होतं. 'सायबरपंक २०७७'च्या वेळी (डिसेंबर २०२०) उलट झालं. आधी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली, गुण उत्तम आले, आणि जुन्या कन्सोलवर घेणाऱ्यांच्या हाती जे पडलं ते पाहून सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. सहा महिन्यांनी परत आला. कुठल्याही परीक्षकाने खोटं लिहिलं नव्हतं. पण "आम्हाला कन्सोलची प्रत दिली नाही" हे वाक्य पहिल्या परिच्छेदात हवं होतं. ज्यांनी ते ठळक लिहिलं त्यांच्यावर माझा आजही विश्वास आहे.

डावखुरी

गुण द्या किंवा देऊ नका, माझी मागणी वेगळी आहे.

बटणं बदलता येतात का ते लिहा. एवढंच. मला प्रत्येक गेमच्या बाबतीत हा पहिला प्रश्न असतो आणि दहापैकी आठ परीक्षणांत त्याचं उत्तर नसतं. "नियंत्रणं सफाईदार आहेत" असं असतं. कुणासाठी सफाईदार? माझ्या भावाला लाल-हिरवा फरक दिसत नाही, त्याचं तेच. एका कोड्यांच्या गेमला सगळीकडे ९ होते, आम्ही दोघांनी मिळून घेतला आणि तिसऱ्या पातळीपासून सगळी कोडी रंगांवर. त्याच्यासाठी तो गेम तिथे संपला. नऊ गुण त्याच्या काय कामाचे?

'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात २०२० मध्ये साठच्या वर सुलभतेच्या सोयी होत्या, तेव्हा अचानक सगळ्यांनी त्यावर लिहिलं. छान वाटलं. पण ज्या गेममध्ये सोय नाही तिथेही लिहायला हवं ना, तिथेच जास्त गरज असते.

अर्धविराम

डावखुरी, तुमचा प्रतिसाद वाचून माझी जुनी परीक्षणं उघडली. शेवटच्या बारापैकी दोनांत बटणांचा उल्लेख आहे. रंगांचा एकातही नाही. पुढच्यापासून न चुकता लिहीन.

टिकलीवाला

लोक परीक्षकांच्याच मागे का लागलेत? मी गेली कित्येक वर्षं फक्त स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरचे खेळाडूंचे अभिप्राय वाचतो. अंगठा वर किंवा खाली. सात-आठची भानगडच नाही. आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो किती तास खेळलाय ते लिहिलेलं.

बोरूबहाद्दर

आणि त्यात ९०० तास खेळून "घेऊ नका" म्हणणारे महाभाग!

टिकलीवाला

त्यांना हसू नका हो, माझ्या मते सगळ्यात मोलाचे तेच. ९०० तास खेळलेल्या माणसाला नव्या अपडेटने नेमकं काय बिघडवलं ते माहीत असतं. तो गेमवर प्रेम करतो म्हणूनच चिडलाय. पाच दिवसांत उरकणाऱ्या परीक्षकाला ते कधीच दिसणार नाही.

आकडेमोड

पण झुंडीचं काय? 'द लास्ट ऑफ अस'चा तोच दुसरा भाग १९ जून २०२० ला आला आणि काही तासांत मेटाक्रिटिकवर वाचकांच्या शून्यांचा पाऊस. वीस-पंचवीस तासांचा गेम, तोवर कुणी संपवला असणं शक्यच नव्हतं. त्यानंतर त्यांनी नियम केला की गेम आल्यावर ३६ तास वाचकांना गुण देता येणार नाहीत. स्टीमनेही २०१७ मध्ये आलेख आणला, कुठल्या दिवशी किती अंगठे खाली गेले ते दिसतं.

टिकलीवाला

सगळ्या झुंडी सारख्या नसतात. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २'च्या पीसी खेळाडूंवर सोनीचं खातं जोडायची सक्ती आली. लाखांनी अंगठे खाली गेले आणि दोन-तीन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. ज्या देशांत ते खातंच उघडता येत नव्हतं, तिथल्या लोकांकडे दुसरं कुठलं साधन होतं? ते परीक्षण नव्हतं, निषेध होता, हे मान्य. पण जागा तीच उपलब्ध होती.

मोगरा

थोडं अवांतर. गुण आणि वयाचं रेटिंग यांत लोकांचा गोंधळ होतो का? माझ्या मावशीने मुलासाठी पत्त्यांचा एक गेम पाहिला, त्यावर १८ लिहिलेलं, ती म्हणाली विसापैकी अठरा, उत्तमच असणार.

जुनीकॅसेट

मावशींना नमस्कार सांगा. तो 'बॅलाट्रो' असेल तर त्या फार चुकल्या नाहीत. पोकरचे हात आहेत म्हणून युरोपच्या पेगी संस्थेने १८ वर्षांचा शिक्का मारला होता. प्रत्यक्षात पैसे लावायची सोय त्यात नाहीच. प्रकाशकाने दाद मागितली आणि २०२५ मध्ये तो १२ झाला. गुण मात्र सगळीकडे नव्वदीचे.

बोरूबहाद्दर

मूळ मुद्द्यावर येऊ. अर्धविराम, एक सांगा. तुम्ही सातपर्यंत पोचता कसे? म्हणजे परीक्षण लिहून झाल्यावर मनात नक्की काय करता?

अर्धविराम

चांगला प्रश्न आहे, कधी शब्दांत मांडलं नव्हतं. दहापासून सुरू करतो आणि खटकलेल्या गोष्टींचे कापत जातो. कॅमेरा अडखळला, अर्धा. कथा मध्येच रेंगाळली, एक. असं.

बोरूबहाद्दर

मग तिथेच गाठ आहे.

कापत जाण्याच्या पद्धतीत ज्या गेमने काहीच धाडस केलं नाही त्याचे गुण कुठे कापणार? त्याचा कॅमेरा अडखळत नाही, कारण तो मागच्या पाच गेमचाच कॅमेरा आहे. तो निर्विवाद साडेआठ घेऊन जातो आणि वर्षभराने त्याचं नावही आठवत नाही. ज्याने नवं काही केलं, त्याच्या शिवणी दिसतात आणि तुम्ही शिवणी मोजता.

'डेडली प्रेमोनिशन' आठवा, २०१०. आयजीएन या संकेतस्थळाच्या अमेरिकी परीक्षकाने २ दिले, डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या संकेतस्थळाने १०. दोन्ही परीक्षणं वाचा, दोघांनाही तीच जुनाट चित्रं आणि तोच अवघडलेला गोळीबार दिसला होता. एकाने दोष मोजले. दुसऱ्याने आपल्याला त्या विचित्र गावात किती राहावंसं वाटलं ते मोजलं. त्यांची सरासरी काढली तर ६ येतात, आणि तो सहा त्या गेमबद्दल कुणाचंच मत नाही.

आकडेमोड

सरासरीवाला मी, पण याला +१. शेवटचं वाक्य लिहून ठेवतोय.

डावखुरी

अंशतः असहमत. काही दोष मोजायलाच हवेत. सेव्ह फाइल (जपून ठेवलेला खेळ) उडणं ही "शिवण" नाही. बोरूबहाद्दर, तुम्ही म्हणता ते आवडीनिवडीच्या दोषांना लागू आहे.

बोरूबहाद्दर

मान्य. सेव्ह उडाली तर कापा, मी कात्री आणून देतो.

रात्रपाळी

सुरुवातीला एका ओळीत उरकलं होतं, आता नीट लिहितो.

माझं नाव आहे तसंच काम आहे. सकाळी घरी येतो तेव्हा अंग थकलेलं आणि डोकं जागं असतं, झोप येत नाही. अशाच एका सकाळी एका चालण्याच्या गेमचं परीक्षण वाचलं. सहा गुण. परीक्षक वैतागला होता. त्याने लिहिलं होतं की पहिले दोन तास या गेममध्ये काहीही घडत नाही, तुम्ही नुसते गवतातून चालत राहता, वाऱ्याचा आवाज येतो आणि दूर कुठेतरी घंटा वाजते.

मी तो गेम त्याच मिनिटाला घेतला.

मला हवं होतं ते अगदी तेच होतं. पुढचा दीड महिना रोज सकाळी अर्धा तास त्या गवतात चालून मग झोपायचो. त्या परीक्षकाला गेम आवडला नाही, पण त्याने वारा आणि घंटा लिहिली. नुसतं "संथ आहे, ६/१०" लिहिलं असतं तर मला तो गेम कधी सापडलाच नसता. म्हणून अर्धविराम, आकडा काय टाकायचा तो टाका. पण खटकलेली गोष्ट अशी लिहा की ती ज्याला हवी आहे त्याला ओळखता यावी.

कीडवेचक

अप्रतिम प्रतिसाद. बनवणाऱ्यांपैकी ज्याने त्या घंटेचा आवाज बसवला असेल त्याने हे वाचायला हवं.

सावकाश खेळू

रात्रपाळी, माझ्या गाळणीतून हा गेम पहिल्याच फेरीत बाहेर गेला असता. विचारात पडले. गाळणी सोडणार नाही, पण सहा-सातवाल्यांचा निदान पहिला परिच्छेद वाचत जाईन.

जुनीकॅसेट

अर्धविराम, माझ्याकडून लिहिण्यापुरत्या दोन गोष्टी. प्रत कुठून मिळाली, कोणत्या यंत्रावर, किती तास खेळलात आणि संपवला का, हे वरच सांगा. अर्धा खेळून लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त सांगा. आणि कथा सांगत बसू नका. अर्धा लेख कथेतच जातो आणि खेळताना हाताला काय वाटलं ते राहून जातं. गेम बंद करताना तुम्ही काय करत होतात आणि दुसऱ्या दिवशी पहिलं काय करावंसं वाटलं, एवढं लिहिलंत तरी मला पुष्कळ कळतं.

मोगरा

एम्बार्गोवर (ठरलेल्या वेळेआधी परीक्षण छापायची बंदी) पण कुणीतरी लिहा. साठ तासांचा गेम पाच दिवस आधी देतात आणि सगळ्यांची परीक्षणं एकाच तासाला येतात. त्यात उशिरा लिहिणाऱ्याचं कुणी वाचत नाही का?

अर्धविराम

मोगरा, कमी वाचतात, पण जे वाचतात ते शेवटपर्यंत वाचतात. मला आता तेच चालेल. मोठ्या गेमसाठी धावायचं नाही असं ठरवलंय.

काल रात्री त्या कोड्यांच्या गेमची माझी वही काढली. खेळताना टिपणं काढतो. दोषांच्या रकान्यात दोनच ओळी आहेत, आवाज कमी-जास्त करण्याची सोय नाही आणि एका पातळीत दार चटकन दिसत नाही. कापत गेलो असतो तरी नऊच्या खाली जात नव्हतो. मग सात आले कुठून?

बराच वेळ विचार केला. पाच तासांचा गेम आहे. तीन जणांनी बनवलाय. त्याच आठवड्यात मी एका अवाढव्य गेमला आठ दिले होते, ज्याच्यामागे शेकडो लोक होते. त्याच्याहून याला जास्त द्यायला माझा हात धजावला नाही. एवढंच कारण आहे. गेममध्ये ते कारण कुठेच नाही, ते माझ्या मनात होतं.

आज त्या तिघांना हेच लिहून पाठवलं, जसंच्या तसं. परीक्षणातला सात खोडलेला नाही, कारण तो मी दिला होता आणि लोकांनी वाचला आहे. पण त्याखाली तारीख घालून हा परिच्छेद जोडलाय आणि आज दिला तर नऊ देईन असं लिहिलंय. रंगांवर कोडी नाहीत, बटणं बदलता येतात, हेही जोडलं. अडकलेल्या तीन परीक्षणांना गुण दिले. प्रत्येक आकड्याखाली एक वाक्य आहे, हाच आकडा का.

कीडवेचक

तिघांपैकी कुणाचं उत्तर आलं का?

अर्धविराम

आलं. ते दार पुढच्या पॅचमध्ये थोडं उजळ करणार आहेत.

सावकाश खेळू

पाच तास म्हणजे माझे दोन आठवडे. नाव कळवा लवकर.

डावखुरी

मलाही. भावासाठी.

अर्धविराम

दोघींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.